माणसातला दुष्टपणा आणि मनोविश्लेषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनोविश्लेषणाच्या मते माणूस जन्मतःच दुष्ट असतो का?

मनोविश्लेषण म्हणजे मनात नकळत चाललेल्या इच्छा आणि भीती यांचा शोध घेणारी, फ्रॉइडनं सुरू केलेली विचारपद्धती. तिच्याकडे याचं एकमुखी उत्तर नाही. शंभराहून अधिक वर्षं भांडूनही ते मिळालेलं नाही. सिग्मंड फ्रॉइड आणि लहान मुलांवर काम केलेली विश्लेषक मेलनी क्लाइन म्हणतात, विध्वंसाची ओढ माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो. विनिकॉट, कोहुट, फ्रॉम या नंतरच्या विश्लेषकांच्या मते जन्मजात असतो तो जोम. त्याचं क्रौर्यात रूपांतर होतं ते पुढे, काहीतरी हिरावलं गेल्यामुळे किंवा मोडल्यामुळे. पण एका मुद्द्यावर ही बहुतेक मंडळी जवळ येतात, आणि मला तो मुद्दा या वादापेक्षा मोठा वाटतो. स्वतःतलं जे सोसवत नाही ते माणूस दुसऱ्यात पाहतो, आणि मग त्या दुसऱ्याला ठेचणं त्याला कर्तव्य वाटू लागतं. खालची बरीच उत्तरं फिरून इथेच येतील.

आक्रमकता, द्वेष, क्रौर्य हे सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मे गैरसमज या सरमिसळीतून होतात. कडेवरून उतरायचं म्हणून बाळ लाथा झाडतं, त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. द्वेषाला समोर कुणीतरी ठरावीक लागतं. क्रौर्य त्याच्याही पुढचं, कारण तिथे दुसऱ्याला दुखतंय यातच रस असतो.

लंडनच्या पोर्टमन क्लिनिकमध्ये हिंसक रुग्णांवर काम केलेल्या मर्विन ग्लासर या विश्लेषकानं हिंसेचे दोन प्रकार पाडले. पहिला स्वरक्षणाचा. जीव किंवा मानसिक अस्तित्व धोक्यात आहे असं वाटतं आणि माणूस धोका नाहीसा करायला झेपावतो. समोरच्याला काय वाटतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुसरा प्रकार परपीडनाचा. त्यात समोरचा नाहीसा होऊन चालत नाही. तो राहायला हवा, त्याला दुखायला हवं आणि दुखतंय हे दिसायला हवं. एखादी घटना समजून घेताना हा एक प्रश्न विचारून पाहावा: हल्लेखोराला समोरच्याचा नाश हवा होता की त्याची वेदना?

एरिक फ्रॉमनंही १९७३ साली अशीच रेघ ओढली. जिवावर बेतलं की उसळणारी आक्रमकता प्राण्यांतही असते आणि धोका टळला की विझते. निव्वळ विध्वंसासाठी विध्वंस ही मात्र माणसाचीच खासियत, असं त्याचं म्हणणं.

फ्रॉइडनं याबद्दल मत बदललं होतं, असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि एकदा नव्हे. १९०५ साली तो क्रौर्याला लैंगिक प्रेरणेचा एक घटक मानत होता, दुसऱ्यावर ताबा मिळवण्याच्या धडपडीतून आलेला. १९०८ मध्ये आल्फ्रेड ॲडलरनं स्वतंत्र आक्रमक प्रेरणा असते असं मांडलं, तेव्हा फ्रॉइडनं ते धुडकावलं. १९१५ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, त्यानं लिहिलं की द्वेष प्रेमाहून जुना आहे. बाहेरचं जग त्रास देतं, म्हणून बाळ आधी ते दूर लोटतं आणि मग कधीतरी त्यातल्या कुणावर जीव लावतं.

मोठं वळण १९२० सालचं. लढाईतून परतलेले सैनिक रोज रात्री स्वप्नात पुन्हा त्याच स्फोटात जात होते. मन सुखामागे धावतं, हे फ्रॉइडचं आधीचं गृहीतक. मग ही स्वप्नं कुठल्या सुखासाठी? त्याचा दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेलं रीळ पलंगाआड फेकायचा आणि परत ओढायचा, जणू आईचं निघून जाणं स्वतःच्या हातानं पुन्हा पुन्हा घडवत होता. जे दुखलं तेच परत परत करण्याची ही ओढ समजावण्यासाठी फ्रॉइडनं मृत्युप्रेरणा मांडली. सजीवात सगळा ताण संपवून निर्जीव शांततेकडे परतण्याचा एक कल असतो. जीवनप्रेरणा त्याला बाहेर वळवते आणि बाहेर वळलेला हा कल म्हणजे आक्रमकता. थोडक्यात, माणूस दुसऱ्याला मोडतो तो स्वतःला मोडू नये म्हणून.

मुलगी सोफी जानेवारी १९२० मध्ये वारली, त्या दुःखातून हा सिद्धान्त आला, असं आजही सांगितलं जातं. फ्रॉइडला या कुजबुजीचा आधीच अंदाज होता. सोफी ठणठणीत असताना हस्तलिखित अर्धं झालं होतं, याची साक्ष द्यायला त्यानं माक्स आयटिंगॉन या सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं.

आणखी एक नाव इथे हमखास गळतं: साबिना श्पीलराइन. निर्मितीच्या पोटातच विनाश असतो हे तिनं १९१२ साली, फ्रॉइडच्या आठ वर्षं आधी, लिहिलं होतं. फ्रॉइडनं तिची दखल घेतली ती एका तळटीपेत. १९४२ मध्ये रोस्तोव शहरात नाझींनी तिला दोन मुलींसह ठार केलं.

मृत्युप्रेरणा आज कुणी मानतं का?

फ्रॉइडनं सांगितली तशी, जीवशास्त्रीय शक्ती म्हणून, फारसं कुणी मानत नाही. पेशींना मरणाची ओढ असते असं म्हणायला आधार नाही. त्याच्या हयातीतच ओटो फेनिखेलसारख्या विश्लेषकांनी हा सिद्धान्त नाकारला होता. क्लाइनच्या आणि फ्रेंच विश्लेषक लाकाँच्या अनुयायांत ही कल्पना टिकून आहे, पण दोन्हीकडे तिचा अर्थ बराच बदललाय. माझ्या मते त्यातलं स्पष्टीकरण पडलं, वर्णन उभं राहिलं. स्वतःच्या पायावर पुन्हा पुन्हा धोंडा पाडून घेणारी माणसं आहेत, आणि ‘त्यांना त्यातून काहीतरी मिळत असेल’ एवढ्यावर त्यांचं कोडं सुटत नाही.

समाज आणि संस्कार या आक्रमकतेला आवरत नाहीत का?

आवरतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. १९३० साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी फ्रॉइडनं यावर सविस्तर लिहिलं. शेजारी हा मदतनीस असतो, तसाच आपली आक्रमकता भागवून घ्यायचा मोहही असतो, हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. संस्कृती ही आक्रमकता नष्ट करत नाही, ती माणसाच्या आत परतवते. आत एक पहारेकरी बसतो, सुपरइगो, आणि जी आग शेजाऱ्यावर पडली असती ती घेऊन तो स्वतःच्याच अहम् वर, म्हणजे ‘मी’वर, तुटून पडतो. यालाच आपण अपराधभाव म्हणतो.

यात एक विचित्र गोष्ट आहे. माणूस जितका सज्जन तितका त्याचा हा पहारेकरी कडक. बाहेर काढलेला राग निदान संपतो तरी. गिळलेला प्रत्येक राग पहारेकऱ्याच्या हातात नवी काठी देतो. खोल नैराश्यातला माणूस स्वतःला ज्या शब्दांत झोडपतो ते कधी नीट ऐका. ते आरोप त्याला स्वतःला चपखल बसत नाहीत, पण त्याला सोडून गेलेल्या कुणाला तरी बरोबर बसतात. हे निरीक्षण फ्रॉइडचं, १९१७ सालचं.

पुढे निघणारा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. नैतिकता ही क्रौर्याच्या विरुद्ध टोकाची गोष्ट असेलच असं नाही. पुष्कळदा ती क्रौर्याच्याच इंधनावर चालते. शिक्षा देताना येणारा तो खास आवेश आठवा.

तान्ह्या बाळाच्या मनात हिंसा असते, हे क्लाइनचं म्हणणं अतिरेकी नाही का?

ऐकायला आहेच. १९२० च्या दशकात ती बर्लिनमध्ये आणि मग लंडनमध्ये लहान मुलांना खेळताना पाहत होती. खेळण्यातली माणसं तोडणारी, जाळणारी, गिळणारी आणि मग घाबरून दडवून ठेवणारी मुलं तिला दिसली. त्यावरून तिनं मागे जाऊन बाळाच्या मनाचं चित्र उभं केलं. भूक भागवणारी आई आणि ताटकळत ठेवणारी आई या बाळाला दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात, एक सर्वस्वी चांगली, दुसरी सर्वस्वी वाईट. आतला संताप ते वाईट आईवर फेकतं आणि मग तीच आपल्यावर चालून येतेय असं त्याला वाटतं. चोराच्या मनात चांदणे, तसं.

पहिल्या वर्षातच कधीतरी दोन्ही आया एकच आहेत असं उमगू लागतं. जिचा आपण मनातल्या मनात चेंदामेंदा केला तीच आपली जिवाभावाची. या धक्क्यातून खिन्नता येते, आणि त्याबरोबर मोडलेलं सांधायची इच्छाही. क्लाइनच्या दृष्टीनं चांगुलपणाचा उगम इथे आहे. ती माणसाला काळं फासते असं म्हणणाऱ्यांनी हा अर्धा भाग वाचलेला नसतो. काळजी घेणं, क्षमा मागणं, काहीतरी घडवणं हे सगळं तिच्या मते आपण केलेल्या नासधुशीच्या जाणिवेतून येतं.

शिवाय या दोन अवस्था बालपणात सरून जात नाहीत. धोका वाढला, दमछाक झाली की प्रौढ माणूसही सहज पहिल्या अवस्थेत घसरतो. तिथे जग देव आणि दानव यांच्यात कापलेलं असतं.

तान्ह्या बाळाच्या मनात इतकी गुंतागुंतीची चित्रं असतात यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. शब्द नसलेल्या मनाबद्दल इतक्या ठामपणे बोलणं धाडसाचंच. पण १९५७ साली तिनं मत्सराबद्दल जे मांडलं ते मला आजही बिनतोड वाटतं. हाव चांगली वस्तू ओरबाडून घेते. मत्सराला वस्तू नकोच असते. चांगलं दुसऱ्याकडे आहे हेच खुपतं, म्हणून ते नासवायचं असतं. काहीही फायदा नसताना, उलट स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं वाटोळं करणारी माणसं कसा विचार करतात, हे याहून नेमकं सांगितलेलं मी वाचलेलं नाही.

विनिकॉट यापेक्षा वेगळं काय सांगतो?

डोनाल्ड विनिकॉट हा बालरोगतज्ज्ञ. हजारो आया-मुलं पाहिलेला, त्यामुळे त्याच्या लिखाणात परिस्थितीला जागा आहे. त्याच्या मते बाळ निष्ठुर असतं, पण दुष्ट नसतं. आपल्यामुळे कुणाला दुखतं हे त्याला अजून कळलेलं नसतं. ते आईला मनात उद्ध्वस्त करतं, आणि प्रश्न एवढाच असतो की आई टिकते का. टिकणं म्हणजे सूड न घेणं, खचून न जाणं. ती टिकली तर बाळाला उमगतं की ही आपल्या मनाबाहेरची, खरीखुरी व्यक्ती आहे. तेव्हापासून खरं प्रेम शक्य होतं.

आईलाही बाळाचा द्वेष वाटतो, आणि बाळाला तिचा वाटण्याच्या आधीपासून वाटतो, हे त्यानं १९४० च्या दशकात छापून टाकलं. वर अठरा कारणं दिली. त्याच लेखात युद्धकाळात त्यानं घरी ठेवून घेतलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाची हकिगत आहे. मुलगा कमालीचा हिंसक. तो अनावर झाला की विनिकॉट त्याला घराच्या दाराबाहेर ठेवायचा. बाहेर एक घंटा होती. ती वाजवली की आत घेतलं जाईल आणि झाल्या प्रकाराबद्दल कुणी बोलणार नाही, असा करार. पण प्रत्येक वेळी तो मुलाला सांगायचा, ‘आत्ता जे झालं त्यामुळे मला तुझा राग आलाय, द्वेष वाटतोय.’ हे बोलून टाकलं म्हणूनच आपण त्याला मारलं नाही, असं विनिकॉटचं स्पष्टीकरण. द्वेष ठाऊक असणं आणि द्वेषानं वागणं यांत किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

चोऱ्या करणाऱ्या, नासधूस करणाऱ्या मुलांबद्दल त्याचं मत आणखी चकित करणारं आहे: हे आशेचं लक्षण. मुलाकडे काहीतरी होतं, ते हरवलं, आणि जगानं त्याची भरपाई करावी ही मागणी त्यानं अजून सोडलेली नाही.

ज्याच्यावर अत्याचार झाले तो पुढे अत्याचारी होतोच का?

‘होतोच’ हे चुकीचं आहे. बालपणी छळ सोसलेली बहुतेक माणसं कुणाचा छळ करत नाहीत. पण काही करतात, आणि ते कसं घडतं हे मनोविश्लेषणानं चांगलं दाखवलंय.

फ्रॉइडची मुलगी, विश्लेषक ॲना फ्रॉइडनं १९३६ साली एका मुलीचं उदाहरण दिलं. भुतांच्या भीतीनं तिला अंधाऱ्या दालनातून जाता येत नसे. मग तिनं युक्ती काढली. आपणच भूत आहोत असे हातवारे करत ती ते दालन पार करू लागली. आक्रमकाशी तादात्म्य म्हणतात ते हेच. घाबरणारा घाबरवणारा होतो आणि भीती तेवढ्यापुरती दुसऱ्याच्या अंगावर जाते. फ्रॉइडचा सहकारी शांडोर फेरेन्झीनं १९३२ मध्ये एका निबंधात याची आणखी अंधारी बाजू सांगितली होती. मूल अत्याचार करणाऱ्याचा अपराधभावही स्वतःत घेतं. मोठ्यानं करायचं आणि लाज मुलानं बाळगायची. फ्रॉइडला तो निबंध रुचला नव्हता.

मग कोण वाचतं? सेल्मा फ्रेबर्गनं १९७५ साली तरुण पालकांवरच्या कामातून एक उत्तर दिलं. आपल्याला मारलं होतं हे सगळ्यांनाच आठवत होतं. ज्यांना त्या वेळची भीती आणि असहायताही आठवत होती, ते आपल्या मुलांशी तसं वागत नव्हते. ज्यांना प्रसंग लख्ख आठवत होते पण वेदना पुसली गेली होती, ते नकळत मारणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहत होते.

काही लोकांना सद्सद्विवेकबुद्धीच नसते, त्यांचं काय?

इथे विश्लेषकांत दोन तट आहेत. फ्रॉइडनं १९१६ साली लिहिलं की काही माणसांत अपराधभाव आधीपासून असतो आणि गुन्हा नंतर घडतो. निनावी अपराधभावाला टांगायला एक खुंटी मिळते आणि बरं वाटतं. क्लाइननं १९३४ साली तोच धागा ताणला: गुन्हेगाराचा सुपरइगो दुबळा नसतो, तो असह्य क्रूर असतो. काही गुन्हेगारांना हे लागू पडतं. सगळ्यांना नाही.

जॉन बोल्बीनं १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास मांडला. त्यातली १४ त्याला जिव्हाळाशून्य वाटली. ना कुणाची ओढ, ना लाज. या १४ पैकी १२ मुलं अगदी लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेली होती. उरलेल्या ३० पैकी फक्त ५. मुलांची वर्गवारी बोल्बीनं स्वतःच केली होती, त्यामुळे आकडे जपून घ्यावेत. पण तिथून संशोधनाची दिशा बदलली.

प्रौढांबाबत ओटो केर्नबर्गचं काम महत्त्वाचं आहे. त्यानं घातक आत्ममग्नतेचं वर्णन केलं. या संज्ञेचा मान मात्र फ्रॉमकडे जातो. स्वतःच्या थोरपणाची खात्री, समाजविघातक वागणं, प्रत्येकावर संशय, आणि क्रौर्याची लाज न वाटता अभिमान वाटणं, अशी ही चौकट. तरीही अशा माणसाला कुणाबद्दल तरी निष्ठा वाटू शकते. पुऱ्या मनोविकृत गुन्हेगारात तेवढंही उरत नाही.

अपमान आणि हिंसा यांचा संबंध असतो का?

फार जवळचा. हाइन्झ कोहुटनं १९७२ साली आत्मप्रतिष्ठेच्या जखमेतून येणाऱ्या रागाचं वर्णन केलं. साधा राग अडथळा दूर झाला की ओसरतो. हा राग ओसरत नाही. दुखावणाऱ्याचं नामोनिशाण मिटेपर्यंत त्याला चैन नसते. अमेरिकी तुरुंगांत वर्षानुवर्षं काम केलेल्या जेम्स गिलिगन या मनोविकारतज्ज्ञानंही लाज हेच हिंसेचं मूळ मानलं. ‘इतकं क्षुल्लक कारण आणि खून?’ असा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर बहुधा त्या क्षुल्लकपणातच असतं. एवढ्याशा गोष्टीनं आपण कोलमडतो, याचीच लाज सर्वांत जास्त.

साधी, सभ्य माणसं सामूहिक कत्तलीत कशी सामील होतात?

फ्रॉइडचं १९२१ सालचं उत्तर असं: जमावातला प्रत्येक जण आपल्या आदर्शाच्या जागी नेत्याला बसवतो. पहारेकरीच बदलला की जे काल पाप होतं ते आज आज्ञापालन होतं. विल्फ्रेड बिऑन हा विश्लेषक पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढलेला. गट कामात असल्यासारखा दिसला तरी आतून तो भलत्याच गृहीतांवर चालू शकतो, असं त्यानं दाखवलं. त्यातलं एक म्हणजे शत्रू आहे, आणि आपण लढायला किंवा पळायला जमलोय. अशा वेळी गट नेता म्हणून हटकून सर्वांत संशयी माणूस उचलतो. आणि शत्रू बहुधा लांबचा नसतो. जवळपास आपल्यासारखेच असलेले लोक अधिक खुपतात. फ्रॉइड याला किरकोळ फरकांची आत्ममग्नता म्हणायचा.

न्युरेम्बर्ग खटल्याच्या वेळी डग्लस केली आणि गुस्ताव गिल्बर्ट यांनी नाझी नेत्यांच्या रोर्शाख चाचण्या केल्या, म्हणजे शाईच्या डागांत काय दिसतं ते विचारून स्वभाव ताडायच्या चाचण्या. केलीच्या मते ही माणसं जगात कुठेही सापडतील अशी होती, गिल्बर्टच्या मते विकृत. १९७६ साली मॉली हॅरोवरनं नावं झाकून त्या नोंदी इतर लोकांच्या नोंदींत मिसळून तज्ज्ञांपुढे ठेवल्या. नाझी कोणते, हे त्यांना ओळखता आलं नाही.

राग बाहेर काढला की निचरा होतो ना?

होत नाही. उशा बडवून मन मोकळं करण्याच्या सल्ल्याचं खापर फ्रॉइडवर फुटतं, पण निचऱ्याची पद्धत त्यानं कारकिर्दीच्या सुरुवातीलाच मागे टाकली होती. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमनच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार करत गुद्दे मारणारे लोक नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा अधिक चिडलेले आणि अधिक आक्रमक निघाले.

या सगळ्याला पुरावा काय?

संमिश्र. मृत्युप्रेरणेला नाही. बाळाच्या कल्पनाविश्वाबद्दल थेट पुरावा मिळणं जवळपास अशक्य. दुसरीकडे, रिचर्ड ट्रँब्ले आणि इतरांच्या दीर्घकालीन अभ्यासांत मारणं, चावणं, ढकलणं यांचं प्रमाण वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक दिसतं आणि मग घटत जातं. म्हणजे मूल हिंसा शिकत नाही, ती आवरायला शिकतं. फ्रॉइडला हे वाचून आनंद झाला असता.

गुन्हेगाराला समजून घेणं म्हणजे त्याला सोडून देणं नाही का?

नाही. कारण सांगणं आणि निर्दोष ठरवणं ही दोन वेगळ्या खुर्च्यांवरची कामं आहेत. खरं तर विश्लेषक न्यायाधीशापेक्षा जास्त जबाबदारी लादतो. तो माणसाला ठाऊक नसलेल्या इच्छांचीही जबाबदारी घ्यायला लावतो. मात्र जनतेला या स्पष्टीकरणांचा राग का येतो, हे पाहण्यासारखं आहे. राक्षसाला बालपण असलं की तो आपल्यापासून पुरेसा लांब राहत नाही.

युद्ध थांबवायचा उपाय फ्रॉइडनं सांगितला होता का?

१९३२ साली आइन्स्टाइननं त्याला हेच पत्रानं विचारलं. फ्रॉइडचं उत्तर असं की आक्रमक प्रवृत्ती समूळ नष्ट करता येणार नाहीत. माणसामाणसांतले भावबंध, एकमेकांशी तादात्म्य आणि संस्कृतीची वाढ हेच काय ते आडमार्ग. स्वतः तोही या उत्तरावर फार खूश नव्हता. पत्रव्यवहार १९३३ साली छापून आला तोवर हिटलर सत्तेवर आला होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात फ्रॉइडची पुस्तकं जाळली गेली. तो १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला पोचला. मागे राहिलेल्या त्याच्या चार बहिणी त्याच्या मृत्यूनंतर नाझींच्या छावण्यांत मेल्या.

हिंसक माणसावर मनोविश्लेषणानं उपचार होतो का?

कोचावर झोपवून चालणारा जुना उपचार अशा रुग्णांना सहसा झेपत नाही. त्यातून निघालेल्या दोन पद्धती जास्त वापरल्या जातात. पीटर फोनागी आणि अँथनी बेटमन यांची पद्धत दुसऱ्याच्या आणि स्वतःच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घ्यायला शिकवते; रागाच्या भरात हीच क्षमता आधी बंद पडते. सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकाराच्या, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या रुग्णांवरच्या १९९९ सालच्या त्यांच्या चाचणीत स्वतःला इजा करण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण घटलं. केर्नबर्गची पद्धत रुग्णाचा द्वेष उपचारकावर रोखला जातो त्या क्षणी त्याच्यावर काम करते. पण त्याच्या अटी कडक आहेत. उपचारकाची सुरक्षितता आधी, आणि रुग्ण शिक्षा टाळायला किंवा काही पदरात पाडून घ्यायला आलेला नसावा. ज्या माणसात निष्ठेचा किंवा अपराधभावाचा लवलेशही सापडत नाही त्याच्यावर बोलण्याचे उपचार चालत नाहीत, असं तो स्पष्ट सांगतो. तिथे आजूबाजूच्या लोकांचं संरक्षण हेच काम उरतं.